जुनी सायकल उभी करताना



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस बोलावणे धाडले, तेव्हा आम्ही यंत्रमाग कामगारांच्या वेतनावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. तो विषय आमच्या जिभेवर तीस वर्षे आहे. परंतु ज्यांनी तो ऐकावा असे आम्हांस वाटते ते सद्गृहस्थ अशा सभांना फिरकत नाहीत, आणि ज्यांच्यासाठी तो मांडावयाचा ते या घटकेस इचलकरंजीच्या शेडमधून रात्रपाळीच्या मागावर उभे आहेत. तेव्हा आम्ही कळविले की, आम्ही सायकलीवर बोलू. चिटणीस भले गृहस्थ, ते एवढेच म्हणाले, "तासभर पुरेल का?" काल याच व्यासपीठावर संतवाङ्मयाचे विवेचन झाले, उद्या अर्थकारणाचे व्हावयाचे आहे, मधला एक दिवस कॉटर, कोन आणि छर्रे यांना मिळाला तर सरस्वती रागावणार नाही, असा आमचा समज आहे.

आमची योग्यता आधीच सांगून टाकतो. शाळा सातवीपर्यंत. पुढचे शिक्षण काही वाचनालयात झाले आणि काही मागाखाली उताणे पडून, जॉबरच्या हातात पाने देता देता झाले. आणि आम्ही म्हणजे आम्ही एकटे नव्हे. युनियनच्या कचेरीमागे एक पत्र्याची शेड आहे. तेथे दर रविवारी सकाळी चार-पाच जण जमतात. एक निवृत्त जॉबर, दोन मागवाले, एक आयटीआयचा पोरगा आणि आम्ही. भंगारात निघालेल्या सायकली आणावयाच्या, त्या उभ्या करावयाच्या आणि ज्याला कामावर जाण्यासाठी हवी त्याला लागलेल्या सामानाच्या किमतीत द्यावयाच्या, असा हा उद्योग आहे. मजुरी लावीत नाही. युनियनवाल्याने मजुरी न घेणे हे तत्त्वाच्या विरुद्ध आहे असे आमचे मित्र आम्हांस ऐकवितात, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणे आम्हांस अजून जमलेले नाही.

हा उद्योग का सुरू झाला? यड्राव, तारदाळ, खोतवाडी, कोरोची, कबनूर या बाजूंना राहणारा माणूस चार-सहा किलोमीटरवरून कामास येतो. पाळी बारा तासांची. पाळी सुटते तेव्हा एस.टी. मिळेलच असे नाही. सहा आसनी रिक्षात दोन वेळचे भाडे द्यावे तर आठवड्याच्या पगारातला भाजीपाल्याचा वाटा तेथेच जातो. मग माणूस हप्त्यावर मोटारसायकल घेतो. हप्ता सुरू झाला की तो मालकाशी भाव करू शकत नाही. सूट झाली, सूत महागले, माग बंद पडले, तरी हप्ता थांबत नाही. संपाच्या तिसऱ्या आठवड्यात कोण प्रथम कामावर परत जाईल हे आम्ही पूर्वी घरातल्या खाणाऱ्या तोंडांवरून ओळखत होतो. आता दारात उभ्या असलेल्या गाडीवरून ओळखतो. यात त्या माणसाचा दोष आम्ही मानीत नाही.

व्हित्तोरिओ दे सिका या इटालियन दिग्दर्शकाचा 'बायसिकल थीव्ज' हा १९४८ सालचा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातल्या माणसाला भिंतीवर जाहिराती चिकटविण्याचे काम मिळते, अट एकच, की सायकल पाहिजे. सायकल गहाण पडलेली असते. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून ती सोडविते. १९५२ साली मुंबईस भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखविला गेला होता. आम्ही तो फार उशिरा, एका मित्राच्या घरी पाहिला, आणि आमच्या शेजारी बसलेला मागवाला चादरी पाहून एवढेच म्हणाला, "चादरी चांगल्या होत्या." विणणाऱ्याला विणलेले प्रथम दिसते.

आता सायकलीकडे वळू. जुनी सायकल निवडताना लोक प्रथम रंग पाहतात आणि नंतर नाव. आम्ही या दोन्ही गोष्टी शेवटी पाहतो. आमच्याकडे येणाऱ्या सायकली बहुतेक काळ्या, उंच, सळईच्या ब्रेकच्या, अठ्ठावीस इंची चाकांच्या. ही जात मुळात इंग्लंडची. कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यांची 'रोव्हर' १८८५ सालची. दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी, हा सांगाडा तेव्हापासून फारसा बदललेला नाही. बेलफास्टच्या डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले १८८८ साली. आणि त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीचे दुकान काढले. ज्या किर्लोस्करांचे नांगर आणि पंप पुढे घरोघर गेले, त्यांच्या उद्योगाची सुरुवात सायकलीपासून झाली, हे आम्ही आयटीआयच्या मुलांना मुद्दाम सांगतो.

या देशात सायकली बनविणारे कारखाने निघाले त्यांची हकीकत कामगारांच्या दृष्टीने सांगावी तेवढी थोडी. मुंबईस वरळीला हिंद सायकल, आसनसोलला सेन-रॅले, मद्रासेस अंबत्तूरला टी.आय. सायकल, सोनपतला १९५१ साली अ‍ॅटलस, लुधियान्याला १९५६ साली हीरो. यांपैकी हिंद आणि सेन-रॅले हे १९८० साली कायदा करून सरकारने ताब्यात घेतले, आणि पुढे तेही बंद पडले. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरविला आहे. त्याच दिवशी सकाळी कामावर आलेल्या कामगारांना फाटकावर बसकणीची नोटीस दिसली. आमच्या शेडमध्ये अ‍ॅटलसची सायकल आली की आम्ही तिच्या डोक्यावरील पितळी बिल्ला घासून पुसून तसाच ठेवतो.

असो. नाव कोणतेही असो, प्रथम पाहावयाचा तो सांगाडा, म्हणजे फ्रेम. बाकी प्रत्येक वस्तू बदलता येते. फ्रेम वाकडी असेल तर पैसे आणि रविवार दोन्ही वाया जातात. डोक्याच्या नळीच्या मागे, खालच्या तिरक्या नळीच्या पोटाखाली बोट फिरवावे. तेथे नळीला सुरकुती किंवा फुगवटा लागला, तर ही सायकल समोरून कोठेतरी धडकलेली आहे. रंग देऊन ही जागा लपवितात, पण बोटाला फसविता येत नाही. नंतर दोरा घ्यावा. आमच्या गावात दोऱ्याला तोटा नाही. मागच्या एका एक्सलच्या खाचेला दोरा बांधून तो डोक्याच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेला ताणून बांधावा, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांचे अंतर मोजावे. सारखे भरले तर फ्रेम सरळ. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. बोटभर फरक असेल तर हात जोडावे आणि ती भंगारवाल्याकडे परत न्यावी. सीटची नळी खाली जेथे मधल्या कोठीत उतरते तेथे पाणी साठून आतून गंज चढतो. तेथे पान्याने टकटक करावे. चांगल्या नळीचा आणि कुजलेल्या नळीचा आवाज वेगळा येतो.

यापेक्षा महत्त्वाचा आहे चिमटा. पुढचे चाक ज्यात बसते तो. चिमट्याच्या बाबतीत आम्ही केलेली एक गोष्ट आज येथे सांगणार आहोत. ती ऐकून चिटणीसांना आम्हांस बोलावल्याचा पश्चात्ताप झाला तरी चालेल.

२०१६ सालच्या पावसाळ्याआधीची गोष्ट. एक चांगली जुनी सायकल हाती आली होती. फ्रेम सरळ, चाके बरी. चिमट्याच्या माथ्याशी, जेथे उभी नळी माथ्याला मिळते तेथे, केसासारखी एक रेघ होती. आम्ही पुसून पाहिली. ती पुसली जाईना. नवा चिमटा आणावयास पाहिजे होता. त्या रविवारी बाजार बंद होता, घेणारा मुलगा सोमवारपासून नव्या कामाला लागणार होता, आणि शेजारी एक वेल्डिंगचे दुकान उघडे होते. आम्ही त्यावर वेल्डिंगचा टाका मारून घेतला, कानस फिरविली, काळा रंग लावला. जॉबर म्हणाला, "हे पितळी जोडाचे काम आहे, याला असा टाका सोसत नाही." आम्ही म्हणालो, "महिनाभर तर जाईल." त्याचे बरोबर होते. या सायकलींचे जोड पितळ ओतून, मंद आंचेवर केलेले असतात. त्यावर वेल्डिंगची प्रखर आंच बसली की टाक्याच्या कडेचे पोलाद कडक आणि ठिसूळ होते. टाका धरून राहतो आणि शेजारचे पोलाद मोडते.

तेविसाव्या दिवशी, रात्रपाळीला जाताना, गतिरोधकावर तो चिमटा माथ्यातून सुटला. मुलगा तोंडावर पडला. गळ्याजवळचे हाड मोडले, तीन दात गेले. मागून येणारी रिक्षा वेळेवर थांबली म्हणून आम्ही आज ही गोष्ट सांगत आहोत.

पुढचे प्रकरण आमच्या नेहमीच्या धंद्यातले आहे. कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० सालच्या दुरुस्तीने ५१-ई हे कलम घातले गेले. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध दाखविता आला तर, कामावरचाच अपघात समजला जावा असे ते कलम होते. २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व घेतले आहे. पण हे सर्व कोणासाठी? ज्याचे नाव मस्टरवर आहे त्याच्यासाठी. या मुलाचे नाव मस्टरवर नव्हते. मालकाने सांगितले की हा आमचा माणूसच नाही. आम्ही भांडलो, आणि काही मिळविले, पण फार थोडे. दवाखान्याचा खर्च युनियनच्या फंडातून गेला. कार्यकारिणीत एकाने विचारले, "हा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा?" आम्ही म्हणालो, "आमच्या." त्याचे हप्ते आम्ही दोन वर्षे भरले. मालकाविरुद्ध त्या दिवसांत आम्ही जी भाषणे केली ती चुकीची नव्हती. परंतु बोलताना दर वेळी आम्हांस तो टाका आठवत असे आणि आवाज थोडा खाली येत असे.

तो मोडका चिमटा शेडमध्ये खिळ्याला टांगला आहे. चिमट्यावर, हँडलच्या दांड्यावर आणि क्रँकवर वेल्डिंग करावयाचे नाही. याला अपवाद नाही. या तीन वस्तू तडकल्या की नव्या आणावयाच्या, आणि तोवर माणूस चालत गेला तरी चालेल.

आता चाके. येथे खरेदीत सर्वांत अधिक फसगत होते, आणि ती दुकानदाराच्या लबाडीने कमी व आकड्यांच्या घोळाने अधिक होते. 'अठ्ठावीस इंची' या एका नावाखाली दोन निरनिराळी मापे चालतात. आपल्या काळ्या सायकलीचे माप २८ गुणिले १½. त्याच्या रिमचा टायर बसण्याचा व्यास ६३५ मिलिमीटर. नव्या, गिअरच्या, सडपातळ सायकलींनाही काही कंपन्या अठ्ठावीस म्हणतात. त्यांचा व्यास ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक. एक गृहस्थ तो छोटा टायर घेऊन आले आणि दोन पाने लावून तो चढविताना त्यांनी टायरची तार तोडली. शिवाय २७ इंची म्हणून एक माप आहे, ते ६३०. ते जवळजवळ चढते, आणि हे 'जवळजवळ' फार वाईट. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत '४०-६३५' असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला रुंदी, दुसरा व्यास. इंच विसरा आणि हे दोन आकडे कागदावर लिहून दुकानात जा.

रिम पाहताना गंजापेक्षा खड्डे पाहावे. वरवरचा गंज घासून जातो. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० स्पोक ही या सायकलींची जुनी पद्धत. भार मागे असतो, म्हणून तेथे स्पोक जास्त. म्हणून पुढची रिम मागे बसत नाही, हे खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावे. चाकाचा आऊट काढणे ही कला आहे असे सांगून काही कारागीर उगीच दबदबा वाढवितात. मागावर ताणा एकसारखा ओढलेला पाहिजे, एक धागा सैल आणि एक कडक असला की कापड खराब होते, हे ज्याला कळते त्याला आऊट काढणे एका दुपारी येते. दोन शेजारचे स्पोक बोटांनी छेडावे. सूर सारखा लागला पाहिजे. निपल पाव फेऱ्याने फिरवावा, अर्ध्याने नव्हे, आणि ज्या बाजूला चाक ओढले गेले आहे त्या बाजूचा सैल करून समोरचा कसावा. गडबड करणाऱ्याचे चाक अंडे होते.

छर्रे नेहमी नवे घालावेत. जुन्या सायकलीत माणसे सगळे बदलतात आणि जुने छर्रे पुसून परत घालतात, कारण ते चकाकतात. चकाकणारा छर्रा झिजलेला नसतो असे नाही. मधल्या कोठीत आणि मागच्या हबमध्ये पाव इंची, पुढच्या हबमध्ये ३/१६ इंची. कोन आणि कटोरीच्या धावेवर नखाने चाचपावे. नख अडले तर कोन बदलावा. कोन कसताना चाक हाताने फिरवून सोडावे: व्हॉल्व्हच्या वजनाने चाक हळूहळू मागे येऊन डुलत थांबले पाहिजे, आणि रिम धरून हलविली तर खडखड होता कामा नये. नवशिके फार कसतात. घट्ट म्हणजे मजबूत असा त्यांचा समज असतो. युनियनच्या नव्या कार्यकर्त्यांचाही असतो.

आट्यांबद्दल एक सूचना, कारण यात आम्ही पुष्कळ वस्तू बिघडलेल्या पाहिल्या आहेत. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. मधल्या कोठीच्या उजव्या कटोरीचाही उलटा असतो. जोर लावण्यापूर्वी हे आठवावे. कॉटर ठोकताना क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा आधार जमिनीपर्यंत द्यावा. नाहीतर हातोड्याचा प्रत्येक घाव छर्ऱ्यांतून कटोरीवर बसतो आणि तुम्ही आताच घातलेल्या नव्या कोठीत खड्डे पडतात. दोन्ही कॉटर एकाच रीतीने घालावे, म्हणजे जी क्रँक वर कराल तिचा नट दर वेळी एकाच दिशेस आला पाहिजे. तसे नसेल तर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि चालविणारा लंगडल्यासारखा पाय मारतो. नवा कॉटर पन्नास किलोमीटर चालला की एकदा पुन्हा ठोकून कसावा. हे कोणी करीत नाही. मग महिन्याने कटकट आवाज येतो आणि दोष सायकलीला.

साखळीचे माप सोपे आहे. चोवीस दुवे पट्टीवर धरावे. नव्या साखळीत ते बरोबर बारा इंच भरतात. बारा आणि एक अष्टमांश भरले तर साखळी संपली. संपलेल्या साखळीवर नवे फ्रीव्हील घालू नये; ती दातांवरून उडते आणि भर चौकात पाय निसटतो. जोडदुव्याच्या क्लिपचे बंद टोक साखळी ज्या दिशेने धावते तिकडे असावे. रॉकेलने साखळी स्वच्छ होते, वंगण होत नाही. गोडे तेल तर मुळीच घालू नये, त्याचा डिंक होतो. मागाला घालतात तेच तेल थेंबथेंब घालून चिंधीने पुसावे.

एक गोष्ट आम्ही बहुतेक सायकलींत बदलून देतो, आणि तिच्यावरून शेडमध्ये वाद होतो. या सायकलींना साधारणपणे पुढे ४४ दात्यांचे चक्र आणि मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील मिळते. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते, आणि चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या आसपास असल्याने सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. हे गणित इंग्लंडच्या सपाट रस्त्यावर, दुपारचे जेवण झालेल्या माणसासाठी ठीक आहे. बारा तास उभा राहिलेला माणूस, मागे कॅरिअरवर दहा किलो ज्वारी, समोरून वारा, आणि पुलाचा चढ. त्याला हे जड पडते. आम्ही मागे २० दात्यांचे फ्रीव्हील घालतो. एका फेऱ्यात अंतर पाच मीटरहून किंचित कमी होते. जॉबर म्हणतो, यात वेळ जातो. आम्ही म्हणतो, घरी जाण्याच्या वाटेवर तरी त्याच्यामागे कोणी घड्याळ घेऊन उभे नसावे. फ्रीव्हील मोठे घातले की साखळीला दुवे वाढवावे लागतात, एवढे मात्र विसरू नये.

गिअरच्या, जाड टायरच्या, पुढे स्प्रिंगच्या सायकली आता तरुण मुलांना हव्याशा वाटतात. त्या वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. चांगल्या कंपनीची, चांगल्या किमतीची असेल तर ती उत्तम चालते. पण स्वस्तातली स्प्रिंग म्हणजे वजन वाढविण्याचे साधन. शिवाय तिला कॅरिअर नाही, साखळीवर झाकण नाही, मडगार्ड आखूड, पायजम्याची काठी काळी. रोजच्या रस्त्याला ही तीन भूषणे लागतात.

ब्रेकविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. सळईचा ब्रेक रिमच्या आतल्या अंगाला वर ओढून धरतो. त्यासाठी रिमचा आकारही विशिष्ट असतो, बाजू गोलसर असते. एका मुलाने शोभेसाठी त्यावर तारेचे, चिमटीसारखे ब्रेक बसविले. चिमटीला धरावयास सपाट बाजूच नाही, ती गोल अंगावरून घसरते. कोरड्यात कसेबसे चालले. पोलादी, क्रोमियमच्या रिमवर पाऊस पडला की कोणताही ब्रेक निम्माही लागत नाही, हे आपल्या पावसाळ्यात विसरून चालत नाही. चौक येण्याच्या बरेच आधी ब्रेक हलका धरून रिम पुसून घ्यावी, मग दाबावा. ब्रेकचे रबर नेहमी नवे. पुढचा ब्रेक मोकळा करून ठेवण्याची आपल्याकडे एक खोड आहे. पुढचा दाबला तर माणूस उलटतो असे आईबापांनी सांगितलेले असते. खरे असे की, थांबविण्याचे अधिक काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही एकदम, हलक्या हाताने सुरू करून वाढवीत न्यावे.

आणि दिवा. बाटलीच्या आकाराचा डायनॅमो सहा व्होल्ट, तीन वॅटचा; पूर्वी त्यावर पुढे २.४ आणि मागे ०.६ वॅटचा बल्ब लागे. आता एलईडीमुळे तेवढ्याच विजेत लख्ख उजेड पडतो. दोष एक, सायकल थांबली की दिवा जातो, म्हणजे नेमका चौकात. म्हणून मागे बॅटरीचा तांबडा दिवा आणि तांबडा परावर्तक असे दोन्ही पाहिजेत. पूर्वी नगरपालिकेचा बिल्ला आणि दिवा नसला तर शिपाई सायकल अडवीत असे, आणि आमचे थोरले लोक त्या शिपायाच्या नावाने बोटे मोडीत. बिल्ल्याचा कर गेला ते बरे झाले. दिव्याची सक्ती मात्र राहावयास हवी होती असे आमचे मत आहे, आणि हे मत सभेत मांडल्याबद्दल आमच्याच लोकांनी आम्हांस ऐकविले आहे. पण उसाचा हंगाम आठवा. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री रस्त्याच्या कडेला उभे असतात. मागे दिवा नाही, कांड्या बाहेर आलेल्या. बिनदिव्याच्या ट्रॉलीवर बिनदिव्याची सायकल आदळते, त्यात कोणाचा कायदा कोणाला लावावा? ट्रॉलीला परावर्तक पट्ट्या लावा म्हणून आम्ही अर्ज केले आहेत, आणि काही ठिकाणी स्वतः पट्ट्या घेऊन रात्री रस्त्यावर उभे राहून चिकटविल्या आहेत. चालकांनी कधी नाही म्हटले नाही. ते बिचारे स्वतःच अठरा तास जागे असतात.

मागच्या वर्षी एक कांडीवाली मावशी शेडमध्ये आली. वय आमच्याएवढेच. "मला शिकवा," म्हणाली. दांडी नसलेली बायकांची फ्रेम शोधावयास दोन महिने गेले. मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी लागते. ती बाजारात मिळेना, तेव्हा तिनेच जुन्या सुताची विणून दिली, आणि ती दुकानातल्यापेक्षा चांगली झाली. सीटची उंची आम्ही सर्वांना सांगतो ती, टाच खालच्या पायडलवर ठेवून पाय सरळ होईल इतकी. पण नव्या शिकणाऱ्याला दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी खाली ठेवून दर आठवड्याला बोटभर वर न्यावी. तीन रविवार ती मैदानात पडली. चौथ्या सोमवारी तिने कामावर सायकल नेली, आणि संध्याकाळी येऊन तक्रार केली की शेडमध्ये सायकली ठेवावयास जागा नाही, पुरुष आपल्या मोटारसायकली दारातच लावतात. आमच्या मागणीपत्रात पगार, बोनस, मस्टर यांच्या खाली 'छप्पर असलेला सायकल-स्टँड' ही नववी मागणी त्यानंतर आली. वाटाघाटीत मालकांच्या प्रतिनिधींनी पहिल्या आठ मागण्यांवर एकही शब्द काढला नाही. नवव्यावर मात्र ते हसले आणि म्हणाले, ही देऊन टाकू. दोन शेडमध्ये पत्रे पडले आहेत.

रंगाचे राहिले. लोक रंगापासून सुरुवात करतात, आम्ही रंग द्यावयासच विसरतो. गंज घासावा, तांबडा प्रायमर लावावा, त्यावर काळा. मूळ रंगाच्या सोनेरी रेघा शिल्लक असतील तर त्या ठेवाव्या. जुन्या विलायती सायकली दिवाणखान्यात मांडून ठेवणारे शौकीन आता मोठ्या शहरांतून झाले आहेत. ते आमच्याकडे येऊन चांगली किंमत देऊ करतात. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. एकदा एक सायकल त्यांना विकून आलेल्या पैशांत आम्ही पाच चाके बांधली. फक्त ती उभी राहील, चालणार नाही, याचे जॉबरला दोन दिवस वाईट वाटत होते.

आमचा वेळ संपला आहे आणि प्रश्न विचारणाऱ्यांनी हात वर केलेले दिसत आहेत. त्याआधी एक सांगावयाचे आहे. येताना सभागृहाच्या दाराशी लावलेल्या सायकली आम्ही पाहिल्या. सवय जात नाही. डावीकडून तिसऱ्या हिरव्या सायकलीच्या मागच्या चाकाचे दोन शेजारचे स्पोक तुटले आहेत. ती ज्यांची असेल त्यांनी घरी निघण्यापूर्वी आम्हांस भेटावे. स्पोकचा पाना आमच्या खिशात आहे, आणि दोन स्पोक पिशवीत असावेत.